ग्रहणावरून आठवलं: मुलांच्या शस्त्रक्रिया शिबिरांचे अनुभव लिहा (परदेशातले, गावातले, कुठलेही)

कृष्णाकाठची (सांगली)

७ सप्टेंबरच्या ग्रहणाला आमच्याकडे कडक बंदोबस्त होता. धाकटी जाऊ सातव्या महिन्यात आहे. दुपारी वेध लागल्यापासून तिला आतल्या खोलीत बसवलेलं. विळी नाही, सुई-दोरा नाही, कात्री तर नाहीच. "चिरलंस की पोराचा ओठ चिरतो," सासूबाई. जाऊ बँकेत कॅशियर आहे, दिवसभर लोकांना फॉर्म परत करते, पण इथे मुकाट बसली. मी रात्री गच्चीवर गेले. ढगांच्या फटीतून मधूनच तांबडा चंद्र दिसत होता आणि एकदम किसुमू आठवलं.

जुलै २०१८. मिरजेत इंटर्नशिप नुकतीच संपलेली, वय २३, पुढे काय ते ठरत नव्हतं. एका सरांच्या ओळखीने केनियातल्या दहा दिवसांच्या शिबिराला स्वयंसेवक म्हणून नाव लागलं. ओठ आणि टाळू दुभंगलेल्या मुलांच्या मोफत शस्त्रक्रिया. तिकीट आपलं आपण. बाबांनी त्यासाठी पतसंस्थेतून कर्ज काढलं होतं हे मला लग्नानंतर कळलं. पीतज्वराची लस निघायच्या दहा दिवस आधी घ्यावी लागते, तिच्यासाठी पुण्याची खेप. बॅगेत दोन किलो भडंग.

किसुमू व्हिक्टोरिया सरोवराच्या काठावर आहे. शहराबाहेर पडलं की ऊसच ऊस, भरलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर सांडलेली चिपाडं. आष्ट्याच्या रस्त्याला लागल्यासारखं वाटलं.

मला वाटलेलं, जबड्याचे ठसे घ्यायचं वगैरे काम मिळेल. मिळालं साबणाचे फुगे उडवायचं. खरंच. तपासणीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलेलं, एक पोर रडलं की ओळीने सगळी रडायची, मग मी बाटली घेऊन पळायचे. दुसरं काम कोपराच्या पट्ट्यांचं. टाके घातलेलं पोर शुद्धीवर आलं की पहिला हात तोंडाकडे नेतं, म्हणून कोपरं वाकू नयेत अशा पट्ट्या बांधतात. आणलेल्या तिसऱ्या दिवशी संपल्या. मग सलाईनच्या खोक्यांचा पुठ्ठा कापायचा, कापसाचा थर, वरून बँडेज. कड कापसात नीट झाकली नाही तर काखेत घासते, हे एका चार वर्षांच्या गड्याने लाल झालेली काख दाखवून मला शिकवलं. संध्याकाळी वॉर्डात सगळी हात ताठ करून फिरायची, कवायतीला निघाल्यासारखी.

सगळे विचारतात, आईने बाळाचा नवा ओठ पहिल्यांदा बघितला तो क्षण सांग. मी बघितलाच नाही. पुठ्ठे कापत होते.

मला आठवतो तो ६१ नंबर. आठ महिन्यांची मुलगी, हिमोग्लोबिन आठच्या खाली, वजनही कमी. अशा बाळाला भूल देत नाहीत, बरोबरच आहे. आई दोन बस बदलून, रात्र स्टँडवर काढून आलेली. तिला दुभाषा सांगत होता तेव्हा मी शेजारी फुग्यांची बाटली धरून उभी. ती भांडली नाही, रडली नाही. लोहाचं औषध घेतलं, पुढच्या शिबिराचा कागद चार घड्या घालून पदराला... म्हणजे लेसोला, ते लोक पाठीला बाळ बांधतात ते कापड, त्याच्या टोकाला गाठ मारून बांधला. जाताना माझ्या हातातल्या बाटलीकडे बोट दाखवलं. घरी थोरली आहे म्हणे. दिली. पुढच्या खेपेला ती आली का, मला माहीत नाही.

आणि ग्रहण. २७ जुलैला खग्रास होतं, पावणेदोन तास चंद्र लाल, शेजारी मंगळ, तोही लालच. आईचा सांगलीहून फोन. तिकडे रात्रीचा दीड, आमच्याकडे अकरा. "बाहेर पडू नकोस." मी व्हरांड्यात उभी होते आणि समोर रात्रपाळीची सिस्टर पपई चिरत होती. पोटुशी, सहावा-सातवा असेल. आत वॉर्डात तीसेक ओठ शिवलेली पोरं झोपलेली. मी शिकलेली बाई, हे कशाने होतं ते परीक्षेत लिहून पास झालेली. तरी हात पुढे गेला तिच्या हातातली सुरी घ्यायला. तिला वाटलं मला भूक लागलीय. तिने मोठी फोड दिली.

हे आजवर घरी कुणाला सांगितलं नाही. लिहा तुम्हीपण.

विट्याचा_गडी

ताई भडंग तिथवर पोचलं का विमानतळावरच संपलं

कृष्णाकाठची

पोचलं. भुलेच्या डॉक्टरांनी एका बैठकीत अर्धा किलो संपवला, मग पाणी पाणी.

कराडकर_काकू

वाचून डोळे भरून आले गं. बाबांचं कर्जाचं वाचून तर जास्तच. आमच्या ह्यांनीही असंच लपवलेलं, मुलीच्या नर्सिंगच्या वेळी. बापमाणसं अशीच. कुकरची शिट्टी होतेय, सावकाश लिहिते.

दुसरा_बेंच (इस्लामपूर)

मी स्वतःच तो पेशंट. जन्म १९८४. ओठ मिरजेत तान्हेपणी शिवला, टाळूचं मात्र राहून गेलं. आजोबा म्हणाले ओठ दिसतो, टाळू कुणाला दिसतीय. ती झाली सहाव्या वर्षी. तोवर नाकातून बोलायची सवय पक्की. शाळेत माझं नाव कुणालाच माहीत नव्हतं, सगळे गेंगाण्या म्हणायचे, पीटीचे मास्तरसुद्धा. क आणि ग म्हणताच यायचे नाहीत आणि आडनावात दोन्ही! हजेरीला नुसता हात वर करायचो. ऑपरेशननंतर बोलायचे व्यायाम करून घ्यावे लागतात हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, की आईला सांगितलं आणि तिला कळलं नाही, देव जाणे. बायकोने लग्नानंतर शिकवलं. फुंकणीने चूल पेटवायला लावायची, रोज. ती डीएड आहे.

आई जाईपर्यंत म्हणायची, माझ्याच हातून झालं, ग्रहणात भोपळा चिरला. मी किती सांगितलं. तर म्हणायची, तुला काय ठावं.

कृष्णाकाठची

फुंकणी! तिथल्या वाचा-उपचारवाल्या बाई मुलांना माझेच फुगे उडवायला लावायच्या, हवा नाकातून न जाता तोंडातून यावी म्हणून. तुमच्या बायकोला माझा नमस्कार सांगा.

भूलवाला (सातारा)

ग्रहणाचं एकदा लिहूनच टाकतो. बाळाचा वरचा ओठ गर्भाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो, टाळू साधारण नवव्यापर्यंत. बऱ्याच बायकांना तोवर दिवस गेल्याचंच नीट कळलेलं नसतं. सातव्या महिन्यात विळी धरली काय आणि तलवार धरली काय, ओठ कधीच जुळून झालेला असतो. घराण्यात कुणाला असणं, आईचा मधुमेह, फिटची काही औषधं, तंबाखू-विडी, फॉलिक ॲसिडची कमतरता ही त्यातल्या त्यात सांगता येण्यासारखी कारणं. पुष्कळदा एकही सापडत नाही. साधारण सातशे जन्मांत एक असं धरतात. म्हणजे कुणाच्या आईचा भोपळा नाही हो. दुसरा_बेंच, आता उशीर झाला, पण तरी सांगतो.

परदेशी गेलो नाही, पण शिबिरं इथे केलीत. माझं दुखणं एकच: उपास. आईचं दूध चार तास, वरचं दूध-जेवण सहा तास, पाणी दोन तास आधी बंद. पोटात काही असेल तर भुलेत उलटी होऊन फुप्फुसात जाते. एका आजीला मी तीनदा समजावलं, तिने तीनदा मान हलवली. टेबलावर पोर घेतलं तर मुठीत बिस्किटाचा चुरा. आजी म्हणते, "उपाशीपोटी कापत्यात व्हय रं लेकराला?" केस रद्द. आजी माझ्यावर रुसली, सर्जन माझ्यावर रुसला, आणि बिस्किट संपलं म्हणून पोरगं रडायला लागलं.

विट्याचा_गडी

तलवार 😂 डॉक्टर सातारचेच शोभताय

सेविका_वाळवा

आम्हाला कुणी परदेशात नेत नाही 😀 पण शाळा-अंगणवाडी तपासणीची गाडी येते (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, २०१३ पासून), त्यात फाटका ओठ, टाळू, वाकडे पाय, हृदयाचं छिद्र सगळं बघतात आणि पुढचं ऑपरेशन फुकट. अडचण गाडीची नाही. गाडी आली की आज्या पोराला घेऊन उसात शिरतात. मी एका घरी अकरा वेळा गेले. बाराव्यांदा गेले तेव्हा त्यांनीच चहा टाकला, म्हणाल्या तू काय सोडत नाहीस बया. पोरगं आता दुसरीत आहे, वर्गात शिट्टी वाजवली म्हणून बाई ओरडल्या. मानधनाचं मात्र विचारू नका

साताऱ्याची_सून

मानधनावर वेगळा धागा काढा ताई, मी पहिली येते. बाय द वे भडंग कुठलं नेलं होतं? जयसिंगपूरचं की सांगलीचं? आमच्याकडे कंदी पेढे न्यायची पद्धत, पण चार दिवसांत वास येतो.

कृष्णाकाठची

घरचं. आईने केलेलं, लसूण जास्त. कस्टमवाल्याने पुडी उघडून हुंगली आणि लगेच बंद केली.

विट्याचा_गडी

मावशीच्या पोराने केनियात काम केलंय तो सांगतो तिकडं बायकांना मामा म्हणतात. खरंय का

कृष्णाकाठची

अगदी. पोराच्या नावापुढे मामा लावतात. आणि तिकडच्या लुओ लोकांत बहुतेक मुलांची नावं ओ ने, मुलींची आ ने, जन्माच्या वेळेवरून. रात्री झाला तर ओटिएनो, मुलगी असेल तर आटिएनो. नोंदणीच्या टेबलावर पहिल्या दिवशी माझ्या यादीत नऊ ओटिएनो होते. मी दारात जाऊन ओरडले "मामा ओटिएनो", तर अर्धं अंगण उठून आलं. सख्ख्या मामाला हे फोनवर सांगितलं, तो अजून चिडवतो. म्हणतो मी रात्री जन्मलो, मी पण ओटिएनोच.

स्पष्टवक्ता_तासगाव

राग मानू नका पण एक विचारतो. दहा दिवस जायचं, फोटो काढायचे, परत यायचं. टाके उसवले, टाळूला भोक पडलं तर अकराव्या दिवशी कोण बघतं? आमच्याकडे डोळ्यांच्या शिबिरात हेच झालं. चुलत्याचं ऑपरेशन केलं, मंडप काढला, डोळ्यातून पाणी यायला लागलं तेव्हा विचारायला माणूस नाही. तुमच्या ६१ नंबरचं काय झालं ते तुम्हालाही माहीत नाही.

कृष्णाकाठची

राग नाही. हाच प्रश्न मला परतीच्या विमानात पडला. आमच्या शिबिरात दोन तिथले सर्जन होते, पुढचं ते बघणार होते, टाके विरघळणारे होते. पण तुम्ही म्हणता ते खरं, मी गेल्याने फार फरक पडला नाही. माझ्या तिकिटाच्या पैशात तिथल्या एखाद्या नर्सचे काही महिने निघाले असते. २३ व्या वर्षी असला हिशोब सुचला नव्हता. पट्ट्या मात्र बऱ्या झाल्या होत्या.

मिरजेचे_आप्पा

मंडळी, एक विसरताय. तुम्ही केनियाला गेलात तसे आपल्याकडे लोक यायचे. वानलेस साहेब कॅनडाचे, मिरजेत १८९४ ला दवाखाना उभा केला. तेव्हा आपणच ते अंगणात बसलेले. माझी पणजी बैलगाडीने आली होती, गळू कापून घ्यायला, गोरा माणूस हात लावणार म्हणून आधी रडली, घरी गेल्यावर सोवळ्याचं काय म्हणून परत रडली. पण तासगाववाले, साहेब दहा दिवसांनी गेले नाहीत, जवळजवळ चाळीस वर्षं इथे काढली. वानलेसवाडी नाव काय उगीच नाही.

स्पष्टवक्ता_तासगाव

आप्पा तेच तर म्हणतोय मी

मिरजेचे_आप्पा

तेच म्हणताय हे माहीत आहे. फक्त तुमच्या चुलत्याचा डोळा मिरजेत आणून दाखवा, तासगावात बसून राहू नका. किती दिवस झाले?

स्पष्टवक्ता_तासगाव

झाले दोन महिने. ऐकत नाहीत. दिवाळीनंतर म्हणतात.

मिरजेचे_आप्पा

दिवाळी बघायला डोळा लागतो म्हणावं.

कराडकर_काकू

आले परत. माझी मुलगी मस्कतला लहान मुलांच्या वॉर्डात आहे, ते काही शिबिर नाही, नोकरी आहे, पण तीही सांगते रात्री बाळं रडायला लागली की ती मराठीच बोलते त्यांच्याशी, "अले अले" करत, आणि अरबी बाळं गप्प होतात. बाकी जाऊबाईंची तब्येत कशी आहे? डोहाळजेवण झालं का?

कृष्णाकाठची

झालं, गेल्या आठवड्यात. तब्येत छान. काल रात्री ती माझ्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, ताई, ग्रहणाच्या दिवशी मी कपाटाआड नेलकटरने नखं कापली, काही होत नाही ना? भूलवाले डॉक्टर, तुमचा आठवड्यांचा हिशोब तिला मोबाइलवर दाखवला. दोनदा वाचला, मग झोपली.

नवीन_सदस्य_जत

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, चूक झाली तर माफ करा. माझ्या बहिणीचं बाळ १९ दिवसांचं, ओठ आणि टाळू दोन्ही. अंगावर पिता येत नाही, दूध नाकातून येतं. वजन वाढत नाही. सासरचे बाहेर न्यायला तयार नाहीत. तोवर दूध कसं द्यायचं कुणी सांगेल का

भूलवाला (सातारा)

आईचं दूध पिळून काढा. बाळाला आडवं पाजू नका, डोकं वर, जवळजवळ बसवल्यासारखं धरा. वाटी-चमच्याने किंवा जुन्या बोंडल्याने, थोडं थोडं, जिभेच्या कडेला. मध्ये मध्ये ढेकर काढा, ही बाळं हवा फार गिळतात. नाकातून दूध आलं तर घाबरू नका, थांबा, पुसा, परत द्या. निळं पडलं, ठसका थांबला नाही, तर लगेच दवाखाना. वजन वाढत नाहीये म्हणजे या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा, ऑपरेशनसाठी नव्हे, वजनासाठी. घरच्यांना असंच सांगा, वजनासाठी नेतोय. ओठाचं तिसऱ्या महिन्यानंतर बघू.

दुसरा_बेंच (इस्लामपूर)

आणि टाळूचं विसरू देऊ नका. कुणी काही म्हणू दे.

सेविका_वाळवा

जत म्हणजे कुठलं गाव? तिथली सेविका माझ्या ओळखीची निघेल. व्यनि (खाजगी निरोप) करते. बाहेर नेत नसतील तर तीच येईल घरी.

नवीन_सदस्य_जत

व्यनि कसा बघायचा?

विट्याचा_गडी

वर उजवीकडं पाकिटाचं चित्र हाय बघा ताई, त्यावर दाबा

नवीन_सदस्य_जत

सापडलं. बोंडलं आईकडे आहे, माळ्यावर. काढायला सांगते.