सल्ला हवा: एडब्ल्यूएक्सचा डेटाबेस कुठे ठेवावा, एजंट किती लागतील?

फुटाळा_ऑप्स
नागपूरच्या आयटी पार्कात ऑफिस आहे. एडब्ल्यूएक्स २४.६.१ (अनेक यंत्रांवर अन्सिबलची कामं चालवणारं वेब-साधन) बसवायचं आहे. एकूण ३२० यंत्रं: २४० एडब्ल्यूएसच्या (अॅमेझॉनचा क्लाउड) मुंबई रीजनमध्ये, ८० इथे ऑफिसात (लिनक्स सर्व्हर, स्विच). कंट्रोलर, म्हणजे एडब्ल्यूएक्सचा मुख्य भाग, मुंबईत के३एसवर (छोटं कुबरनेटीस) जाईल. ऑफिसात ६४ जीबी रॅमचा सर्व्हर रिकामा पडून आहे, म्हणून पोस्टग्रेस (डेटाबेस) त्यावर टाकावा असा विचार आहे. एक्झिक्युशन नोड (एजंट, म्हणजे जॉब प्रत्यक्ष चालवणारी मशीन) किती, केवढे घ्यावेत? हैदराबादला रेप्लिका (डेटाबेसची चालू प्रत) ठेवावी का?

वर्धारोड
भाऊ, सर्व्हर रिकामा आहे म्हणून डेटाबेस तिथे नेऊ नका. कंट्रोलर डेटाबेसशी सतत बोलत असते. जॉब रांगेत लावणे, नोडची हजेरी, प्रत्येक टास्कचा इव्हेंट, सगळे तिथेच लिहिल्या जाते. मधली लाइन हळू झाली की इव्हेंट तुंबतात. जॉब कधीचा संपलेला, पण स्क्रीनवर आउटपुट सरकून राहिलेच आहे, असे दिसते. आणि लाइन तुटली तर मुंबईतल्या २४० यंत्रांचेही काम थांबले. डेटाबेस कंट्रोलरजवळ ठेवा, एजंट यंत्रांजवळ.

डिस्क जीपी३ (एडब्ल्यूएसचा डिस्क प्रकार) घ्या. रेड हॅट एडब्ल्यूएक्सवर आधारलेल्या आपल्या व्यावसायिक आवृत्तीच्या डेटाबेससाठी २.४ पर्यंत किमान १५०० आयओपीएस (सेकंदाला किती वाचन-लेखन) सांगत होती. जीपी३ला आकार कितीही असो, ३००० मिळतातच. जुन्या जीपी२ला जीबीमागे ३, म्हणजे १०० जीबीला ३००. सुरुवातीला बर्स्टवर (साठवलेल्या क्रेडिटच्या जादा वेगावर) पळते आणि क्रेडिट संपले की बसते. चाचणीत हे ध्यानातच येत नाही.

ऑफिसची ती खोली रात्री एसी बंद करून कुलूप लावायची असेल, तर मे महिन्यात तिथे नोड ठेवतानाही विचार करा. डेटाबेस तर नाहीच.

यामल_आणि_चहा
नोडचा हिशोब असा. क्षमता दोन तऱ्हांनी मोजली जाते: सीपीयूमागे ४ फोर्क (एकाच वेळी हाताळायची यंत्रं), किंवा २ जीबी बाजूला ठेवून उरलेल्या मेमरीत फोर्कमागे १०० एमबी. ४ सीपीयू, १६ जीबीच्या नोडला सीपीयूने १६ येतात, मेमरीने १४३. नोडच्या क्षमतेचा स्लायडर मुळात वरच्या टोकाला असतो, म्हणजे १४३ धरले जातात आणि चार कोअरवर इतकं ओझं पडलं की एसएसएच टाइमआउट सुरू होतात. लोक मग नेटवर्कला दोष देत बसतात. स्लायडर मध्यावर आणा, साधारण ७९ मिळतील.

जॉबचं वजन = फोर्क किंवा यंत्रं यांतला लहान आकडा, अधिक १. फोर्क २५ ठेवलेत तर २६, म्हणजे एका नोडवर असे तीन जॉब एकदम. मुंबईत असे दोन नोड पुरे. एक बंद पडला तरी काम चालू राहील. नागपुरात एकच, २ सीपीयू आणि ८ जीबीचा, वेगळ्या इन्स्टन्स ग्रुपमध्ये (नोडचा गट). तो ग्रुप ऑफिसच्या इन्व्हेंटरीला (यंत्रांची यादी) लावायला विसरलात तर जॉब मुंबईच्या नोडवर जाऊन इथल्या स्विचला शोधत बसेल.

फुटाळा_ऑप्स
ऑफिसला स्थिर आयपी नाही. कंट्रोलर इथल्या नोडपर्यंत पोहोचणार कसा?

यामल_आणि_चहा
मेश इनग्रेस (नोडसाठी कंट्रोलरकडचं प्रवेशद्वार) वापरा. मग नोडच बाहेर ४४३ वर वेबसॉकेटने जोडतो, ऑफिसच्या राउटरवर काही उघडावं लागत नाही. मुंबईच्या नोडना मात्र नेहमीप्रमाणे कंट्रोलरकडून २७१९९ टीसीपी उघडं हवं.

व्हीपीएनने जोडणार असाल तर एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) तपासा. नोड ‘रेडी’ दिसतो, हेल्थ चेक पास होतो, पण खरा जॉब लटकतो, कारण लहान पॅकेट जातात आणि मोठी गळतात. प्रत्येक जॉबबरोबर अख्खा प्रोजेक्ट नोडकडे पाठवला जातो, म्हणून गिट रेपोत आयएसओ किंवा मोठ्या झिप ठेवू नका. एक्झिक्युशन एन्व्हायर्नमेंटची (जॉब ज्यात चालतो तो कंटेनर) इमेज ‘नसेल तरच ओढा’ अशी लावा.

वर्धारोड
घड्याळही. दिवे गेले, जुन्या मशीनची सीमॉसची बॅटरी मेलेली, तारीख मागे गेली की रिसेप्टरचे (नोडना जोडणारा भाग) टीएलएस (सुरक्षित जोडणी) नकार देते. क्रोनी (घड्याळ जुळवणारी सेवा) चालू ठेवा.

जुना_डीबीए
हैदराबादची रेप्लिका ठेवा, पण असिंक्रोनसच. सिंक्रोनस केलीत तर प्रत्येक कमिट (डेटाबेसमधली पक्की नोंद) तिकडून होकार येईपर्यंत थांबेल. रेप्लिकेशन स्लॉट (रेप्लिकाने कुठवर वाचलं याची खूण) वापरत असाल तर ‘मॅक्स स्लॉट वॉल कीप साइझ’ला मर्यादा घाला. मूळ मूल्य उणे १ असतं, म्हणजे अमर्याद. रेप्लिका दोन दिवस बंद राहिली की मुख्य डिस्क वॉलने (डेटाबेसच्या बदलांच्या नोंदी) भरते आणि पोस्टग्रेसच बसतो. रेप्लिका तुम्हाला वाचवायला ठेवायची आणि तिच्यामुळेच बुडायचं, असा प्रकार.

जागेचा अंदाज: ३२० यंत्रं × ४० टास्क = १२,८०० निकाल, आणि प्रत्येकाच्या सुरुवातीचा वेगळा इव्हेंट, म्हणजे एका फेरीत पंचवीस हजारांवर. व्हर्बोसिटी (आउटपुटमधला तपशील) वाढवली की प्रत्येक इव्हेंट फुगतो. आठवडाभर चालवून डेटाबेसचा आकार मोजा आणि त्यावरून डिस्क ठरवा. जुने जॉब साफ करायचं शेड्यूल पहिल्याच दिवशी तपासा.

बॅकअपमध्ये पीजी-डम्पसोबत (डेटाबेसची नक्कल) एडब्ल्यूएक्सची सीक्रेट की हवीच, के३एसमधून वेगळी काढून. ती नसेल तर डम्प परत चढतो, लॉगिन होतं, पण साठवलेले पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या उलगडत नाहीत.

फुटाळा_ऑप्स
डेटाबेस मुंबईला हलवतो. मग तो ६४ जीबीचा सर्व्हर?

वर्धारोड
त्यावर व्हीएम काढून नागपूरचा नोड चालवा. उरलेल्यात दर आठवड्याला बॅकअप परत चढवून पाहा, किल्लीसकट.