एशियन हॉटेलात शाकाहारी जेवताना काय विचारता? नागपूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

आईच्या एकसष्टीला मुलांचा हट्ट होता म्हणून धरमपेठेतल्या एका एशियन हॉटेलात गेलो. आई जन्माची शाकाहारी, अंडंही चालत नाही. मेनूत नावापुढे हिरवा ठिपका बघून तिच्यासाठी थाई ग्रीन करी आणि भात मागवला. दोन घास झाल्यावर ती थांबली आणि हळूच म्हणाली, "सुक्या झिंग्यांचा वास येतोय गं याला." मला आधी खरं वाटलं नाही. कॅप्टनला बोलावलं, तो आत जाऊन पेस्टचा डबा घेऊन आला. डब्यावर घटकांच्या यादीत झिंगे होते. करीत एकही मांसाचा तुकडा नव्हता, म्हणून त्यांच्या हिशेबाने ती व्हेज होती. त्यांनी माफी मागितली, बिलातून रक्कमही कमी केली. पण आईने त्या रात्री घरी येऊन फक्त ताक घेतलं आणि झोपली. तिच्या वाढदिवसाला मी तिला उपाशी झोपवलं, हे मनातून जात नाहीये.

तेव्हापासून वाचते आहे. थाई करीच्या पेस्टमध्ये आंबवलेल्या झिंग्यांची 'कपी' घालायचीच पद्धत आहे. म्हणजे चूक माझ्या प्रश्नात होती. "व्हेज आहे ना?" एवढंच मी विचारलं होतं.

हॉटेलांची नावं नकोत. तुम्ही काय विचारता, काय उत्तर मिळतं, घरच्या मोठ्यांना घेऊन जाता तेव्हा काय मागवता, ते सविस्तर लिहा.

सदर, वोकवर काम करणारा

ताई, वाचून वाईट वाटलं. मी सहा वर्षांपासून वोकवर, म्हणजे चिनी कढईवर, काम करून राहिलो, म्हणून आतली गोष्ट सांगतो.

तुकडे तर आम्ही वेगळेच ठेवतो, तिथे सहसा गडबड होत नाही. गडबड होते सॉसमध्ये. सकाळी एकदा स्टर-फ्रायचा सॉस मिसळून डबा भरून ठेवतात. त्यात ऑयस्टर सॉस पडला, म्हणजे कालवांचा, तर दिवसभर त्या डब्यातून जे निघेल ते सगळं गेलं. मशरूमचा शाकाहारी ऑयस्टर सॉसही मिळतो आणि आमच्याकडे तोच वापरतात, पण सगळीकडे तसं नाही. म्हणून विचारा, "व्हेजचा सॉस वेगळा मिसळता का?"

दुसरं सूप. स्वीट कॉर्न व्हेज मागवलं तरी पाणी कशाचं, ते विचारा. आम्ही कोबीचे दांडे, गाजर, सेलरी, आलं उकळून वेगळा स्टॉक करतो. घाईत कोणी चिकनच्या पातेल्यात डाव बुडवला तर टेबलावर बसलेल्याला कळणार नाही.

तिसरं कोणी विचारतच नाही. डिमसमच्या, म्हणजे वाफवलेल्या मोदकासारख्या पुड्यांच्या, बांबूच्या टोपल्या एकावर एक चढवतात. वरच्या टोपलीतलं पाणी खालच्यात गळते. चिकनची टोपली वर आणि व्हेजची खाली असली तर काय होणार, पाहा. आमच्या शेफने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, व्हेज नेहमी वर. गर्दीच्या वेळी मी स्वतः जाऊन पाहतो.

तळणाचं तेलही विचारा. स्प्रिंग रोल आणि झिंगे एकाच कढईत जाऊ शकतात. आणि वोक दोन ऑर्डरच्या मध्ये गरम पाणी टाकून ब्रशने घासतो, साबण लावत नाही. ज्यांना तेवढंही चालत नाही त्यांनी सातच्या आत या आणि स्पष्ट सांगा. तेव्हा वोक धुऊन द्यायला आमच्याजवळ वेळ असतो. नऊ वाजता खोटं बोलल्याशिवाय हो म्हणता येत नाही, आणि मला खोटं बोलायचं नाही.

इतवारी

आम्ही जैन. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, ओलं आलं काहीच नाही. आमच्या घरात मशरूमही नाही, म्हणजे वर सांगितलेला शाकाहारी ऑयस्टर सॉससुद्धा बाद! बरीच वर्षं मी मित्रांसोबत जायचो आणि साधा भात खाऊन उठायचो.

मागच्या वर्षी एका शेफने बाहेर येऊन शांतपणे विचारलं, "काय काय चालतं ते सांगा, काय चालत नाही ते नको." तोवर असं कोणी विचारलं नव्हतं. टोफू, भोपळी मिरची, मक्याचे दाणे, पाक चॉय ही चिनी पालेभाजी. सोया सॉसची बाटली आणून लेबल दाखवलं. वर पांढरी मिरी आणि तिळाचं तेल. एवढ्यात जे झालं ते मी चाटूनपुसून खाल्लं. त्यानेच सांगितलं की चीनमधल्या बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा-लसूण वर्ज्यच असतो, त्यामुळे त्याविना रांधायची रीत तिकडे जुनीच आहे. आपण उगाच समजतो की आपलं पथ्य त्यांना कळणार नाही.

कामठी

इतवारीच्या भाऊंनी लिहिलं ते अगदी खरं. आमच्या गावात ड्रॅगन पॅलेस हे बौद्ध मंदिर आहे, जपानी मदतीतून उभं राहिलेलं. दीक्षाभूमीवरही थायलंड, जपानकडचे पाहुणे येतात. जपानी मठांतल्या शाकाहारी जेवणाला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही नाही. नागपुरात एवढं येणं-जाणं असताना एखाद्या हॉटेलाने ते मन लावून करावं, असं मला फार वाटतं. ड्रॅगन रोल या सुशीच्या नावाखाली चीज भरलेला भात किती दिवस खायचा?

प्रतापनगर

बँकॉकला गेलो होतो तेव्हा एका गाडीवाल्या बाईंनी एक शब्द शिकवला, 'जे'. पिवळ्या पताकेवर लाल अक्षर दिसलं की तिथे मांस, मासे, अंडं, दूध नाही, लसूण-कांदाही नाही. त्यांचा नऊ दिवसांचा शाकाहाराचा उत्सव असतो, बहुतेक आपल्या नवरात्राच्याच सुमारास. बायकोचे नवरात्राचे उपास आणि समोर रस्ताभर पिवळ्या पताका, ते दृश्य विसरणार नाही.

इथे आल्यावर एका थाई शेफला फक्त "जे?" म्हणून विचारलं. त्याचा चेहराच उजळला. फिश सॉसऐवजी मीठ आणि सोया सॉस घालून पपईचं सॅलड दिलं. सुके झिंगे नाहीत, शेंगदाणे भरपूर. फिश सॉस नसेल तर ते सॅलड होतच नाही असं आधी एका वेटरने मला ठासून सांगितलं होतं.

रामदासपेठ, विद्यार्थिनी

मी शाकाहारी आहे, पण मला प्रत्येक वेळी पनीर नको असतं. 'पनीर थाई बेसिल', 'पनीर तेरियाकी', 'पनीर बाओ'. टोफू मागितला की "मॅडम, फिका लागेल, पनीर घ्या." अहो, मला तोच खायचा आहे. चांगल्या टोफूला वरून कॉर्नफ्लोअरचा कुरकुरीत पापुद्रा असतो, आत तो खरवसासारखा लटपटतो आणि सॉस त्या पापुद्र्यात मुरतो. हे एकदा खाल्लं की फिका कोणी म्हणणार नाही.

मिसो, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची जपानी पेस्ट, तिच्या सूपबद्दलही सांगते. त्याचं पाणी म्हणजे 'डाशी', आणि ते बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचं असतं. पण नुसत्या कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाचं किंवा सुक्या शिटाके मशरूमचंही होतं. टोकियोचे रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी 1908 मध्ये 'उमामी' ही पाचवी चव शोधली ती कोंबूतूनच. म्हणजे शाकाहाऱ्याला ती चव मिळायला मासा लागत नाही. "डाशी कशाची?" एवढं विचारते. ज्या ठिकाणी प्रश्नच समजत नाही तिथे मी सूप घेत नाही.

किमची या कोरियन लोणच्यातही बहुधा खारवलेले झिंगे किंवा फिश सॉस असतो. गोडात पन्ना कोटा, मूस असेल तर जिलेटिन विचारा, ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून करतात. समुद्री शेवाळाचं चायना ग्रास घातलं असेल तर बिनधास्त खा.

महाल

मी मांसाहारी, सासूबाई माळकरी. आम्ही चौघं जातो तेव्हा त्यांच्यासाठी खाओ सुए हा बर्मी पदार्थ मागवतो. नारळाच्या दुधाचा पिवळा रस्सा, नूडल्स, आणि वाट्यांमध्ये वेगळं वेगळं येतं: तळलेला लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, तिखट, लिंबाची फोड. आपल्या तर्री पोह्यांसारखं ज्याने त्याने आपल्या मनाने कालवायचं. त्यांना हे फार आवडलं. नूडल्स अंड्याच्या आहेत का तेवढं मात्र दरवेळी विचारतो. पिवळ्या नूडल्स दिसल्या की आधी पाकीट मागतो. हिरवं चिन्ह असेल तरच.

एक मनापासून सांगतो. वेटरला दरडावू नका. त्या पोराला आत काय पडतं ते माहीत नसतं, त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. "भाऊ, आत विचारून सांगशील का, माझ्या आईचा प्रश्न आहे," म्हटलं की तो धावत जातो.

लक्ष्मीनगर

आम्ही ग्रीन करी घरी करतो. अंगणातला गवती चहा, हिरव्या मिरच्या, कोथिंबीर देठांसकट, लसूण, आलं, धणे-जिरे, लिंबाची साल. कपीच्या जागी चमचाभर मिसो तव्यावर जरा भाजून. पाट्यावर वाटलं तर उत्तम.

धागा काढणारी

सगळ्यांचे मनापासून आभार. शनिवारी आईला घेऊन दुसरीकडे गेले, सातला दहा मिनिटं कमी असताना. सॉस, स्टॉक, नूडल्स, तळण, चारही गोष्टी विचारल्या. कॅप्टनने दोन बाटल्या आणि नूडल्सचं पाकीट टेबलावर आणून ठेवलं. आईने चष्मा लावून तिन्ही लेबलं बोट फिरवत वाचली. मग खाओ सुए खाल्लं, लिंबाची आणखी एक फोड मागून घेतली.

लक्ष्मीनगरच्या ताई, आई विचारते आहे, पेस्टला गवती चहाची पात घ्यायची की बूड?

लक्ष्मीनगर

बूड, खालचा पांढरा भाग. बाहेरचे दोन थर काढून टाका. पातीचा चहा करून द्या काकूंना.