स्पर्स आणि 'बोअरिंग'चा शिक्का

सॅन अँटोनियो स्पर्स ही एनबीएची (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) टीम बोअरिंग आणि नशिबावर जिंकलेली म्हणे... उचलली जीभ लावली टाळ्याला!! १९९७ ला ड्राफ्टच्या (टीम्सनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे) लॉटरीत पहिला पिक, म्हणजे पहिली निवड, लागली आणि टिम डंकन मिळाला हे नशीबच, कबूल. पण स्पर्सचाच जिनोबिली १९९९ च्या ड्राफ्टमध्ये ५७ वा होता, शेवटून दुसरा, आणि त्यांचाच पार्कर २००१ ला २८ वा, तेव्हा बाकीच्या टीम्स काय झोपल्या होत्या का?

बोअरिंगचं म्हणाल तर २०१४ च्या फायनल्सची तिसरी मॅच बघा, मायामी हीटच्या घरी जाऊन पहिल्या हाफमध्येच ७१ पॉइंट्स आणि ७५.८ टक्के शूटिंग, बॉल एकाच्या हातात थांबतच नाही, ओपन शॉट असला तरी शेजारचा जास्त ओपन दिसला की पास, डिफेन्सवाले नुसते गरगर फिरतायत.

आणि हे २०१३ नंतर बरं का! त्या वर्षीच्या फायनल्समध्ये याच हीटविरुद्ध गेम ६ ला शेवटची २८ सेकंद, ५ ची लीड, ट्रॉफी जवळपास हातात, आणि हीटच्या बॉशने रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) काढून दिला, त्यांच्याच रे अ‍ॅलनने कोपऱ्यातून तीन ठोकले, ५.२ सेकंद बाकी, तोंडचा घास गेला. (तेव्हा डंकनला बेंचवर बसवायचं कोच पॉपला (पोपोविच) काय सुचलं, ते मला अजून पटलेलं नाही.) दुसरी टीम असती तर फुटली असती, हे पुढच्याच वर्षी त्याच हीटला ४-१ ने लोळवून मोकळे.

डंकनचा बॅकबोर्डला लावून मारलेला शॉट कंटाळवाणा वाटतो म्हणणाऱ्यांनी तो अडवून दाखवावा आधी.