मदत हवी आहे: कापलेली क्रोपाचेक रायफल पूर्ववत करताना कुठे थांबावे?

नमस्कार. जुन्या लाकडी आणि लोखंडी वस्तूंच्या जतनाचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांकडून मला मार्गदर्शन हवे आहे.

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातील आमच्या घरी आजोबांच्या काळापासून एक पोर्तुगीज लष्करी रायफल आहे. पोर्तुगालने १८८६ साली स्वीकारलेली, ऑस्ट्रियातील स्टायरच्या कारखान्यात तयार झालेली, ८ मिलिमीटरची ही क्रोपाचेक. नळीखालच्या लाकडात दडवलेल्या नळकांड्यात आठ काडतुसे एकामागे एक बसावीत, अशी तिची मूळ रचना होती. मूळ रायफलची लांबी सुमारे १३२ सेंटिमीटर असे. आमची मात्र फार आखूड आहे. कोणीतरी शिकारीच्या सोयीसाठी नळी करवतीने कापली आहे, नेम धरण्याची पुढची माशी पितळेचा तुकडा डाखून नव्याने बसवली आहे, दस्त्याचा (लाकडी भागाचा) पुढचा भाग, नळी व लाकूड एकत्र बांधणाऱ्या खालच्या कडीच्या जेमतेम पुढे तोडून टाकला आहे आणि उघड्या पडलेल्या नळकांड्याच्या तोंडावर पत्र्याचे टोपण ठोकले आहे. दस्त्यावर काळ्या ऑइलपेंटचे जाड थर आहेत. गेल्या पावसाळ्यात मागच्या बाजूचा रंग सुटू लागला, तेव्हा खाली तांबूस तपकिरी अक्रोडाचे रेषे आणि एका दाबून उठवलेल्या गोल शिक्क्याची कड दिसली. त्यामुळेच हे काम हाती घ्यावेसे वाटू लागले.

कायद्याची बाजू आधीच स्पष्ट करतो. नळीच्या मुळाशी पोलादी तुकडा वेल्ड करून ती कायमची बंद केलेली आहे, नळी मागून बंद करणाऱ्या सरकत्या बोल्टचे तोंडही निकामी केलेले आहे आणि पोलीस ठाण्याला त्याची लेखी माहिती दिलेली आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमातील कलम ४५ ची सवलत दुरुस्ती करूनही न चालणाऱ्या जुन्या हत्यारालाच मिळते आणि ही रायफल तशीच राहावी अशी माझी इच्छा आहे. म्हणून ती चालती करण्याविषयी कृपया कोणीही काही लिहू नये. मला फक्त तिचे बाह्य रूप आणि टिकाऊपणा याविषयी विचारायचे आहे.

रंग कसा काढावा, म्हणजे तो शिक्का पुसला जाणार नाही? कड्यांवर आणि चापाच्या संरक्षक पट्टीवर लाल गंज धरला आहे. त्याला काय लावावे? हे दोन प्रश्न तसे सोपे असावेत. खरी अडचण तिसऱ्या प्रश्नाची आहे. तोडलेला पुढचा दस्ता नव्या लाकडाचा जोड देऊन पूर्ण करावा का, आणि नळीलाही दिखाऊ दांडा लावून मूळ लांबी दाखवावी का? १८९५ साली मोझांबिकला जाण्यास नकार देऊन गोव्यातील मराठा शिपायांनी बंड केले आणि सत्तरीचे राणे त्यांना येऊन मिळाले, त्या काळी पोर्तुगीज पायदळाची रायफल ही क्रोपाचेकच होती. त्या बंडाशी आमच्या रायफलीचा संबंध आहे असा माझा दावा नाही. पण तो काळ डोळ्यांसमोर उभा करणारे तिचे रूप घरातल्या मुलांना दिसावे असे मला मनापासून वाटते. त्याच वेळी ही कापाकापी इथल्याच कोणा शिकाऱ्याने आणि इथल्याच लोहाराने केलेली असणार. ती झाकून टाकण्याचा मला कितपत अधिकार आहे, हे ठरत नाही.

प्रतिसाद:

आपण घाई केली नाहीत, हे फार चांगले झाले. अशा बंदुकांचे सर्वांत मोठे नुकसान गंजाने होत नाही, तर पॉलिश पेपरने होते. दाबून उठवलेल्या शिक्क्याची खोली अगदी थोडी असते आणि दोन-चार हात फिरले की तो कायमचा जातो. कॉस्टिक सोडा वापरू नका, त्याने अक्रोड काळवंडतो. हीट गनही नको, कारण जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसे असू शकते आणि त्याचा धूर व कोरडी धूळ दोन्ही घातक असतात. जेलच्या स्वरूपातील पेंट रिमूव्हर लावून, रंग मऊ झाल्यावर बांबूच्या बोथट पट्टीने तो ओलाच उचलावा. शिक्क्याभोवतीचे काम शेवटी, कापसाच्या बोळ्याने करावे. दस्त्यावरचे पोचे ओल्या फडक्यावर इस्त्री ठेवून वर येतात, पण शिक्क्याजवळ हा उपाय मुळीच करू नये. वाफेने पोच्यासारखा शिक्काही वर येतो.

ज्या लहान भागांना लाल गंज आहे, ते सुटे करून डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास उकळावेत. लाल गंजाचे काळ्या, स्थिर ऑक्साइडमध्ये रूपांतर होते. सुटी काजळी मऊ ब्रशने काढून भाग कोमट असतानाच तेल लावावे. नळीला फक्त हलके मशिन ऑइल आणि सर्वांत बारीक स्टील वूल पुरे आहे. कोणी क्रोम किंवा नवे ब्लूइंग (पोलादावरचा निळसर काळा रासायनिक थर) सुचवले, तर स्पष्ट नकार द्यावा. लाकडाला जवसाचे तेल भरपूर पाजण्याची पद्धत आपल्या हवेत त्रासदायक ठरते, कारण ते चिकट राहते आणि त्यावर बुरशी धरते. अगदी पातळ हात देऊन, पूर्ण वाळल्यावर मायक्रोक्रिस्टलाइन मेण लावावे. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

आता जोडाविषयी. माझे मत असे की नळीला दांडा लावू नये. कापलेले तोंड हा या वस्तूच्या इतिहासाचा पुरावा आहे, शिवाय हत्याराच्या लांबीत फेरफार करून विनाकारण शंका का ओढवून घ्यावी? दस्त्याचा जोड मात्र करता येईल, अट एवढीच की तो उद्या कोणालाही सोडवता यावा. जुने लाकूड छाटून सरळ करू नका. त्या तुटक्या तोंडावरच नवा तुकडा बेतावा. जोडाच्या पृष्ठभागावर आधी पॅरालॉइड बी-७२ (ॲसिटोनमध्ये विरघळणारे ॲक्रिलिक रेझिन) चा थर द्यावा आणि मगच एपॉक्सी लावावे, म्हणजे पुढे ॲसिटोनने जोड सुटू शकतो. सरसही सुटतो, पण आपल्या पावसाळ्यात तो मऊ पडतो. नवीन लाकूड कोणते आणि काम कोणत्या महिन्यात करणार आहात, ते कळवावे.

धागाकर्ता:

आपण इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. नळीला हात लावायचा नाही, हे आता ठरले. जोड सोडवता येण्याजोगा करायचा, हेही पटले; त्याने माझ्या मनातील पेच बराच सुटला, कारण शिकाऱ्याने तोडलेले तोंड आत जसेच्या तसे राहील. गावच्या मेस्तांकडे (सुतारांकडे) जुन्या कपाटाची अक्रोडाची फळी आहे. पावसाळ्यात लाकूड ओल धरून फुगते आणि नंतर आकसते, म्हणून ती फळी घरातच रायफलीशेजारी ठेवून जानेवारीत काम करावे असा विचार आहे. एकच गोष्ट विचारायची राहिली: नव्या तुकड्याचा रंग जुन्याशी तंतोतंत जुळवावा, की पाहणाऱ्याला जोड ओळखू यावा इतका किंचित फिका ठेवावा? संग्रहालयात काम केलेल्या कोणी यावर लिहिले, तर फार मदत होईल.