मदत हवी आहे: बनावट खाते आणि भाबडा सदस्य यांतला फरक कसा ओळखावा?

नमस्कार. आमच्या तालुक्याच्या फेसबुक ग्रुपचे काम मी पाहतो. गेल्या आठवड्यात ‘मुले पळवणारी टोळी आली आहे’ हा मजकूर अर्ध्या तासात नऊ खात्यांवरून आला आणि प्रत्येकात ‘सावधान’ऐवजी ‘सावदान’ असेच लिहिलेले होते. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी अशाच अफवेपायी जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला होता, म्हणून मी तो मजकूर तत्काळ काढला. सोबतच्या व्हिडिओतील एक दृश्य थांबवून गूगल लेन्सवर शोधले, तेव्हा तो कराचीतील बालसुरक्षेच्या जनजागृतीपर चित्रफितीचा तुकडा निघाला. मूल परत आणून देतात, तो शेवट नेमका कापलेला होता.

व्हिडिओचे कोडे सुटले, खात्यांचे मात्र सुटलेले नाही. सहा खाती महिन्याभरातली आहेत आणि त्यांवर स्वतःचे असे काहीच नाही; परंतु उरलेल्या तिघांपैकी एक आमचे नेहमीचे किराणा दुकानदार आहेत आणि त्यांनी मजकूर भाबडेपणाने जसाच्या तसा चिकटवला होता, त्यामुळे केवळ सारखी चूक हा पुरावा ठरत नाही. फेसबुक पेजची जुनी नावे त्या पेजच्या ‘पेज ट्रान्सपरन्सी’ या माहिती-विभागात पाहता येतात, वैयक्तिक खात्याबाबत तशी सोय मला सापडली नाही. एखाद्या सदस्याला काढण्यापूर्वी आपण कोणत्या खुणा तपासता, आणि संशयितांना थेट संदेश पाठवून विचारणे योग्य ठरते का, हे अनुभवी व्यवस्थापकांनी कृपया सांगावे.