मदत हवी आहे: लंडनची बो ब्रुअरी, हॉजसनची बिअर आणि मुंबईतल्या जुन्या जाहिराती

नमस्कार मंडळी,

मराठी विकिपीडियावर लंडनच्या बो ब्रुअरीचा (म्हणजे बिअर बनवणाऱ्या कारखान्याचा) लेख आम्ही काही जण मिळून सुधारतोय आणि आता अशा ठिकाणी अडलोय की मुंबईत राहणाऱ्या, जुनी वर्तमानपत्रं चाळायची सवय असलेल्या कुणाची तरी मदत लागणार आहे. ब्रुअरी कधीच बंद पडली, १९३३ मध्ये ती पाडून तिथे लंडन काउंटी कौन्सिलने घरं बांधली, पण आपल्याकडच्या साहेबलोकांच्या टेबलावर जी बिअर असायची त्यात या ब्रुअरीचं नाव फार मोठं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जॉर्ज हॉजसनने १७५२ मध्ये लंडनच्या पूर्वेला ली नदीजवळ, बो पुलापाशी ही ब्रुअरी सुरू केली. तिथून ब्लॅकवॉल अगदी जवळ, आणि ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं तिथेच नांगर टाकायची. कप्तानांना स्वतःच्या हिशोबाने थोडा माल न्यायची मुभा असायची, मग ते इकडच्या गोऱ्या लोकांना विकायला वाइन, चीज, हॅम, बिअर असं काय काय भरून आणायचे, आणि हॉजसन त्यांना १८ महिन्यांपर्यंत उधारी द्यायचा, म्हणजे इकडे माल विकून परत गेल्यावर पैसे दिले तरी चालायचं. माझं स्पष्ट मत आहे की हा धंदा आधी उधारीवर आणि जवळच्या बंदरावर उभा राहिला, चवीचं कौतुक नंतर.

पण लेखाची सुरुवातच सध्या अशी आहे की हॉजसनने इंडिया पेल एल या फिक्या रंगाच्या कडू बिअरचा शोध लावला, साधी बिअर प्रवासात नासायची म्हणून त्याने खास हिंदुस्थानासाठी जास्त हॉप्स (बिअरला कडूपणा देणारी, टिकायला मदत करणारी फुलं) घातलेली बिअर काढली. हे नेटवर सगळीकडे वाचायला मिळतं. बिअरचे इतिहासकार मार्टिन कॉर्नेल यांनी जुनी कागदपत्रं तपासून दाखवलंय की याला त्या काळातला पुरावाच नाही. पेल एल आधीपासून होती, उष्ण देशात पाठवायच्या बिअरमध्ये हॉप्स वाढवा हा सल्ला १७६० च्या दशकातच दिला जात होता, आणि पोर्टर नावाची काळीभोर बिअरसुद्धा इकडे भरपूर यायची आणि नीट टिकायची. हॉजसनची बिअर बहुधा 'ऑक्टोबर बिअर' या जातीची, जी एरवी तळघरात वर्ष दोन वर्षं मुरवत ठेवायचे. तीच पिंपात भरून केप ऑफ गुड होपला वळसा घालत, दोनदा विषुववृत्त ओलांडत यायची आणि काही महिन्यांतच मुरायची. आणि 'ईस्ट इंडिया पेल एल' हे नाव छापलेलं दिसतं ते थेट १८२९ च्या सिडनीतल्या जाहिरातीत, नंतर १८३५ मध्ये लिव्हरपूलच्या, जॉर्ज हॉजसनच्या काळानंतर कितीतरी वर्षांनी.

पुढचा भाग मला सगळ्यात आवडतो. १८२० च्या दशकात ब्रुअरी चालवणाऱ्या फ्रेडरिक हॉजसन आणि थॉमस ड्रेन यांनी उधारी बंद केली, भाव चढवले, कप्तानांना बाजूला सारून स्वतःच माल पाठवायला लागले. ईस्ट इंडिया कंपनीतलेच लोक वैतागले. कॅम्पबेल मार्जोरीबँक्स या डायरेक्टरने इंग्लंडमधल्या बर्टन गावच्या बिअर बनवणाऱ्या सॅम्युअल ऑलसॉपला अशी बिअर बनवायला सांगितलं, आणि ऑलसॉपलाही नवीन गिऱ्हाईक हवंच होतं कारण रशियाने १८२२ मध्ये जकात वाढवून त्यांचा तिकडचा बाजार संपवला होता. पहिला नमुना चहाच्या किटलीत बनवला असं सांगतात. बर्टनचं पाणी जिप्समवालं, फिक्या कडू बिअरला एकदम योग्य, त्यामुळे ऑलसॉप आणि मागोमाग बर्टनचीच दुसरी ब्रुअरी बास यांनी बाजार काबीज केला.

आता अडचण. जे काही सापडतं ते कलकत्त्याचं, उदा. १८२२ च्या कलकत्ता गॅझेटमध्ये हॉजसनच्या बिअरची जाहिरात आहे. मुंबईबद्दल लेखात एकच वाक्य, 'मुंबईतही लोकप्रिय होती', आणि पुढे 'संदर्भ हवा'. बॉम्बे कुरियर या जुन्या वर्तमानपत्राचे १७९० ते १८३५ चे अंक कुणी पाहू शकेल का? हॉजसनचं नाव, तारीख, पान, भाव दिला असेल तर तो, आणि बर्टनची बिअर कधीपासून दिसायला लागते ते हवंय. दुसरं म्हणजे शोधाची ती दंतकथा लेखातून काढून टाकावी की दंतकथा म्हणून ठेवावी? मला ठेवावीशी वाटते, वाचक तीच शोधत येणार, तर तिथेच त्याला खरं काय ते कळू दे.

प्रतिसाद १

ताई, काम चांगलं चाललंय. दंतकथा ठेवा, फक्त प्रस्तावनेत नको, खाली वेगळा विभाग करा. तिथेच १८२७ च्या जहाजफुटीची गोष्टही घ्या, लिव्हरपूलजवळ जहाज फुटलं, वाचलेली पिंपं विकली आणि इंग्लंडला ही बिअर कळली म्हणे, तिलाही समकालीन आधार नाही.

जाहिरातींबाबत मात्र जपून. जाहिरात हा प्राथमिक स्रोत, त्यामुळे 'अमुक तारखेच्या अंकात अशी जाहिरात आहे' एवढंच लिहिता येतं. दहा जाहिराती गोळा करून 'म्हणजे मुंबईत लोकप्रिय होती' असा निष्कर्ष आपण काढला की ते मूळ संशोधन झालं, जे विकिपीडियावर चालत नाही, कुणीतरी येऊन उडवणार आणि ते बरोबरच असेल. अंकांसाठी आधी एशियाटिक सोसायटीचं 'ग्रंथ संजीवनी' पोर्टल बघा, नाहीतर एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. मी फोर्टातच कामाला आहे, शनिवारी चक्कर मारू शकतो, पण नेमकी वर्षं सांगा, पंचेचाळीस वर्षांचे अंक एकट्याने होणार नाहीत.

प्रतिसाद २

मी पूर्व लंडनमध्ये राहते, बँक्रॉफ्ट रोडवर टॉवर हॅम्लेट्सचं स्थानिक इतिहासाचं ग्रंथालय आहे तिथे ब्रुअरीचा फोटो किंवा नकाशा विचारून येईन. पण फोटो १९३३ च्या आधीचा आहे म्हणून लगेच कॉमन्सवर (विकिपीडियाच्या मुक्त चित्रसंग्रहावर) चढवू नका, इकडे छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षं हक्क असतो, म्हणून आधी त्याचं नाव शोधायला हवं. ब्रुअरीची जागा दाखवायला जुने ऑर्डनन्स सर्व्हे नकाशे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या साइटवर फुकट बघता येतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! दादा, तुम्ही १८२१ ते १८२५ एवढंच बघाल का, उधारी बंद होऊन ऑलसॉपचा माल येण्याचा काळ तोच आहे, भावात फरक पडला असेल तर तिथेच दिसेल. १७९० चं दशक मी पोर्टलवर बघते. निष्कर्षाचं पटलं, 'लोकप्रिय होती' हे वाक्य आज काढतेय आणि 'संशोधित पुरावे व दंतकथा' असा विभाग चर्चा पानावर टाकतेय, तिथे सगळ्यांनी हात फिरवा. ताई, फोटोच्या मागे काही लिहिलेलं असलं तर तेही टिपून घ्या. १८२६ ते १८३५ अजून कुणी घेतलेलं नाही, कुणाला जमेल?