जापाच्या आधी सापा
काही जण म्हणतात की नायजेरियातली पोरं कामधंदा सोडून नुसती व्हिसाच्या मागे, ते काही पटलं नाही बुवा. तिथल्या बोलीत जापा म्हणजे देश सोडून पळ काढणं हे बरोबर, पण त्याच्या जोडीचा सापा पण बघा ना, सापा म्हणजे खिशात दमडी नसणं, तो मानगुटीवर बसला की माणूस पळणारच. मे 2023 ला राष्ट्राध्यक्ष टिनुबूंनी पेट्रोलची सबसिडी काढली, 200 नायराच्या (तिथलं चलन) आत मिळणारं लिटर 2024 च्या शेवटी हजाराच्या आसपास, डॉलर 460 वरून दीड हजारावर, आणि किमान पगार? 30 हजाराचा 70 हजार केला, तोही महिन्याचा! त्यात डान्फोचं (लागोसची पिवळी मिनीबस हो) भाडं द्यायचं का तांदूळ आणायचा?

शिकावं म्हणाल तर 2022 ला सरकारी युनिव्हर्सिट्यांचे प्राध्यापक 8 महिने संपावर. तरी पोरं शिवणकाम, कोडिंग, पीओएस (कार्ड घासायच्या) मशीनवर लोकांना पैसे काढून देणं असे दोन-तीन उद्योग एकदम करतात, आळशी कुठून? आणि लाईट गेली की परत जनरेटर, म्हणजे परत पेट्रोलच. त्या छोट्या जनरेटरला तिथे 'आय बेटर पास माय नेबर' म्हणतात, शेजाऱ्यापेक्षा मी बरा, मला हे नाव जाम आवडतं.